धरणाची पातळी, मरळ आणि ल्युअरची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदापूर भागात उजनीच्या फुगवट्यावर तुम्ही वर्षभर मरळीसाठी ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, टाकताय. परदेशी व्हिडिओ बघून मार्च-एप्रिलला जर्कबेट, मे-जूनला टॉपवॉटर, ऑक्टोबरला क्रँकबेट आणि थंडीत जिग असा ल्युअरच्या प्रकारांचा क्रम लावलात. दिवाळीच्या सुमारास काही चांगल्या मरळी लागल्या, बाकी वर्ष कोरडं गेलं. पेटीत ल्युअर भरपूर आहेत, तेव्हा कुठल्या महिन्यात कुठला वापरायचा ते सांगा, असं तुम्ही विचारलंय.

पेटीतलं सामान ठीक आहे. तुम्ही धरलेला क्रम मात्र अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशाचा आहे आणि तो पाण्याच्या तापमानावर चालतो. तिकडे उत्तरेकडचे तलाव हिवाळ्यात गोठतात. वसंतात पाणी १५ ते २० अंशांवर आलं की बास काठाला येऊन अंडी घालतो, उन्हाळ्यात खोल जातो, पानगळीत पुन्हा वर येतो. त्यांचे ल्युअर या येण्याजाण्याच्या एकेका टप्प्यासाठी बनलेत. आपल्या पठारावरच्या तलावाचं जानेवारीतलं पाणीसुद्धा साधारण त्यांच्या विणीच्या पाण्याइतकं उबदार असतं. तापमानाचा परिणाम आपल्याकडेही होतो, पण तो दुय्यम. आपला मासा हलतो तो पातळीने. जून ते सप्टेंबर धरण भरतं, ऑक्टोबर ते मे उतरतं. काठ कुठवर आलाय, काठाचं गवत बुडालंय की उघडं पडलंय, झुडपं पाण्यात आहेत की चिखलात, हे सगळं पातळीवर ठरतं आणि मरळ त्यावर ठरवते. म्हणून मी ल्युअर महिन्याच्या नावाने सांगणार नाही, पाण्याच्या अवस्थेप्रमाणे सांगतो.

उजनीचंच घ्या. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात त्या यामुळे. पाणी मृतसाठ्यात उतरलं की उथळ बाजूचा काठ कितीतरी आत सरकतो, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि दिवाळीत तुम्ही ज्या गवतापुढे उभे होतात तिथे लोक गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी, करून बसलेले असतात. नव्या काठाला लव्हाळा नाही, झुडूप नाही, नुसता गाळ. तिथे मार्च-एप्रिलला काठाशी जर्कबेट फिरवून मरळ कुठून लागणार? ती त्या काठाला थांबतच नाही.

ऋतूंकडे जाण्याआधी मरळीची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ल्युअरची सगळी निवड तिच्यापाशी येते. मरळ हवेतून श्वास घेते. कल्ल्यांच्या वर तिच्या डोक्यात हवा धरून ठेवायची पोकळी असते आणि मोठी मरळ वर येता आलं नाही तर पाण्यात गुदमरून मरते. जाळ्यात खाली अडकलेली मरळ म्हणून लवकर जाते. याचे दोन फायदे आपल्याला होतात. सडलेलं गवत, जलपर्णीची दाट चादर, उन्हात तापलेलं उथळ पाणी, जिथे रोहू-कटल्याला प्राणवायू पुरत नाही तिथे मरळ मजेत राहते. म्हणजे जी जागा इतर गळवाले टाळतात ती आपली. दुसरा फायदा त्याहून मोठा. ती स्वतःचा ठिकाणा स्वतः सांगते. श्वासाला आलेली मोठी मरळ पाण्यावर एक जड, गोल वलय सोडते, ‘गुळुक’ असा दबका आवाज होतो आणि ती खाली गेल्यावर मागाहून दोन-चार बुडबुडे येतात. चिलापी वर येते तेव्हा पाणी शिंतडतं, आवाज हलका असतो, बुडबुडे येत नाहीत. हा फरक कानाला कळायला लागला की निम्मं काम झालं. काठाला पोचल्यावर पहिला अर्धा तास गळाची काठी जमिनीवर ठेवा आणि नुसतं बघा, ऐका. मी हे नव्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांना धीर निघत नाही, पण पाणी बघितल्याशिवाय टाकलेली फेक वाया जाते.

आता भरतीचं पाणी. मृगाचा पाऊस स्थानिक असतो, त्याने उजनी हलत नाही. मावळात आणि मुळशीत धुवाधार सुरू झालं, वरची धरणं भरून सोडायला लागली की दौंडचा विसर्ग वाढतो आणि मग इथली पातळी चढते. पहिलं पाणी लाल-तपकिरी, गढूळ, काड्याकचऱ्याचं. त्या चढत्या पाण्यात मोकळ्या पाण्यावर ल्युअर फिरवण्यात फारसा अर्थ नाही. मासा पाण्याबरोबर नव्याने बुडणाऱ्या जमिनीवर सरकतो. गाळपेरीची राहिलेली धाटं, बांधावरचं हरळीचं गवत, बेशरमाची झुडपं एकेक करून पाण्याखाली जातात. त्यातून गांडुळं, किडे, नाकतोडे, बेडूक बाहेर पडतात आणि मरळ गुडघाभर पाण्यात त्यांच्यामागे येते. इथे मी स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्याचा ल्युअर, वापरतो, १० ते १४ ग्रॅमचं, एकच मोठं कोलोरॅडो, म्हणजे गोल पातं, गळाभोवतीची रबरी झालर (स्कर्ट) काळी किंवा काळी-निळी. गढूळ पाण्यात मरळ डोळ्यांपेक्षा अंगावरच्या संवेदनेवर अवलंबून असते. गोल पात्याचा धडधडणारा कंप तिला लांबून कळतो आणि काळी आकृती मातकट पाण्यातही उठून दिसते. चंदेरी-पारदर्शक नाजूक ल्युअर या पाण्यात पेटीतच राहू द्या. ओढायचं सावकाश, पातं जेमतेम फिरेल इतकंच. झुडपाच्या फांदीला आपटून सुटू द्या, बऱ्याचदा घास त्या क्षणी पडतो.

याच काळात मरळीची वीण असते आणि इथे मला जरा थांबून बोलायचंय. उथळ गवताळ पाण्यात जोडी गवत बाजूला सारून जागा करते, अंडी वर तरंगतात, पिल्लं झाली की दोघंही त्यांची राखण करतात. पिल्लांचा झुबका ओळखायला सोपा. हाताच्या घेराएवढ्या तुकड्यात पाणी सतत उकळल्यासारखं हलतं, कारण शेकडो पिल्लं हवेला वर येतात आणि खाली जातात. लहानपणी ती लालसर-नारिंगी दिसतात. त्या झुबक्यावर रबरी बेडूक टाकला की खालची मरळ धडक देणारच, भूक असो नसो, कारण ती राखण करतेय. अनेक जण यालाच मोसमाचा सर्वात भरवशाचा डाव समजतात. मी तिथे फेकत नाही आणि कुणी विचारलं तर फेकू नका असंच सांगतो. आईबाप काढल्यावर तो झुबका उघडा पडतो. चिलापी, शिंगाळा, बगळे, पाणकावळे थोड्याच वेळात साफ करून टाकतात. एका माशाच्या बदल्यात अख्खी पिढी जाते, आणि आपल्या तलावांमध्ये मरळ आधीच पूर्वीसारखी राहिलेली नाही. झुबका दिसला की शंभर पावलं पुढे चला.

हस्ताचा पाऊस आटपला, धरण तुडुंब होऊन पाणी निवळायला लागलं की वर्षातला सगळ्यात चांगला काळ येतो. कोजागिरीपासून दिवाळीनंतर पंधरवडाभर. तुम्हाला दिवाळीत मासे लागले ते तेव्हा क्रँकबेट चाललं म्हणून नव्हे. त्या वेळी पातळी स्थिर असते, गवत अजून जिवंत आणि पाण्यात असतं, विणीनंतर खंगलेली मोठी मरळ खायला सुटलेली असते. म्हणजे मासा होता, तुम्ही मासा असलेल्या पाण्यात होता. बेडूक टाकला असतात तर आणखी लागले असते, कारण क्रँकबेटचे ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ, गवताच्या बाहेरच ठेवावे लागतात आणि मोठी मरळ आत असते.

पोकळ रबरी बेडूक, म्हणजे हॉलो-बॉडी फ्रॉग, हा आपल्या तलावांचा मुख्य ल्युअर आहे. बाकी सगळे त्याचे मदतनीस. त्याचे दोन गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो जलपर्णीवरून, लव्हाळ्यातून, शेवाळाच्या गादीवरून न अडकता सरकतो, आणि मरळीने चावून दाबला की गळ उघडे पडतात. विकत घेताना अंगठ्याने दाबून बघा. रबर सहज दबलं पाहिजे. कडक बेडूक घेतला तर मरळ धडक देते, तोंडात घेते आणि गळ न लागता सोडून देते. पाय लांब असतील तर कात्रीने बोटभर कापा, बाहेरच्या जोडीतला एक थोडा जास्त. दोन्ही सारखे असले तर तो सरळ चालतो, एक आखूड केला की डावी-उजवी मान टाकत चालतो. साडेपाच-सहा सेंटिमीटरचं अंग आपल्याकडे पुरतं.

फेक श्वासाच्या वलयावर टाकायची नाही. वलय कुठल्या दिशेला ओढल्यासारखं झालं ते बघा, मरळीचं तोंड तिकडे. त्या दिशेला वाव-दीड वाव पुढे टाका, बेडूक पडल्यावर लाटा विरेपर्यंत हलवू नका, मग काठीच्या टोकाने दोन बारीक झटके, थांबा, पुन्हा दोन. गवताच्या गादीला जिथे भोक आहे तिथे सर्वात जास्त थांबायचं. मागून पाणी फुगून बेडकाकडे येताना दिसलं तर हात थांबवू नका आणि वेगही वाढवू नका, तीच चाल ठेवा. धडक झाली तरी लगेच झटका द्यायचा नाही. काठीचं टोक बेडकाकडे खाली करा, रीळ फिरवून ढील काढा, दोऱ्याला वजन जाणवलं की मगच दोन्ही हातांनी वर खेचा. धडकेचा आवाज ऐकून खेचणारा माणूस बेडूक स्वतःच्या तोंडावर घेतो. मरळीचा नेम पहिल्यांदा बऱ्याचदा चुकतो. बेडूक तिथेच ठेवलात तर ती फिरून येते. एकदा लागली की मात्र गवतात घुसू द्यायची नाही, डोकं वर ठेवून सरळ वरून ओढून आणायची. म्हणून काठी जाड हवी, साडेसहा-सात फुटी, मिडियम हेवी किंवा हेवी, आणि दोरा ४० ते ५० पाउंडांचा ब्रेड, म्हणजे विणलेला. आपला साधा तंगूस इथे चालत नाही. तो ताणला जातो, मरळीचं तोंड हाडाचं असल्यामुळे गळ आत रुतत नाही. गळाची धार नखावर टेकवून बघा. घसरला तर कानशीने लावून घ्या.

आकाश भरलेलं असेल तर याच काळात बझबेट, म्हणजे पाण्यावर पातं फडफडवत येणारा ल्युअर, तोही चांगला चालतो, मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यांवरून, सकाळी उजाडताना आणि दिवेलागणीला. पण निवड करायचीच झाली तर बेडूक.

मग रब्बीचं आवर्तन सुटतं. कालव्याला पाणी सोडलं की पातळी रोज उतरायला लागते, आणि हे परदेशी व्हिडिओंमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही. पाणी उतरायला लागल्यावर पहिले काही दिवस काठाची मरळ बिचकते. काल जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे आज मांडीएवढं, म्हणून ती गवताच्या आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेला येते. तुम्ही नेहमीच्या गवतात बेडूक टाकत बसता आणि ती तुमच्या बेडकाच्या पलीकडे, गवत संपतं तिथे, जरा खोल पाण्यात असते. आवर्तन चालू असताना मी गवताच्या बाहेरची कड धरून पॅडल-टेल, म्हणजे वल्ह्यासारख्या शेपटीचा रबरी मासा, ओढतो, वजन लावलेल्या वाकड्या (ऑफसेट) गळावर लावलेला, टोक रबरात लपवलेलं. उजनीत तिचं रोजचं खाणं म्हणजे चिलापीची पिल्लं, म्हणून ७ ते १० सेंटिमीटरचा, राखाडी पाठ आणि फिकट पोट असा रंग मला पटतो. आवर्तन बंद होऊन पातळी आठवडाभर थांबली की मासा पुन्हा स्थिरावतो. धरणांचा रोजचा साठा जलसंपदा विभाग जाहीर करतो, स्थानिक पेपरातही येतो. तुमच्या वहीत तारखेशेजारी साठ्याची टक्केवारी, पातळी चढती, उतरती की थांबलेली, एवढं लिहायला लागा. दोन वर्षांनी ती वही कुठल्याही ल्युअरच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

डिसेंबर-जानेवारीबद्दल थोडक्यात. पहाटे उठून थंडीत कुडकुडत जाण्यात काही मिळत नाही. उथळ पाणी रात्री गारठतं, मरळ सुस्तावते, श्वासालाही कमी वेळा येते. दहा-अकराला ऊन चढलं की काळ्या गाळाचे, उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेले उथळ कोपरे आधी तापतात, मासा तिथे येतो. दुपारी एक ते चार ही वेळ. टेक्सास रिगवर, म्हणजे दोऱ्यावर पुढे वजनाची गोळी आणि गळाचं टोक रबरात लपवलेलं अशा मांडणीत, काळं किंवा गडद तपकिरी रबरी किडं, ५-७ ग्रॅमची गोळी, तळाला टेकवून हळू सरकवायचं. घास बारीक असतो, दोरा फक्त बाजूला चालायला लागतो. संक्रांत उलटली की दिवसागणिक फरक पडतो.

होळीपासून पुढचा काळ लोक वाया गेलेला समजतात, मी तसं मानत नाही. पाणी आकसतं तसा मासा आकसलेल्या पाण्यात गोळा होतो. प्रश्न फक्त जागेचा आहे. गवत गेलं, तेव्हा मरळीला आडोसा उरतो तो बुडालेल्या बाभळींची खोडं, जुन्या विहिरींचे कठडे, बुडालेल्या गावांच्या भिंती आणि जुन्या नदीपात्राच्या कडा. यातलं बरंच उन्हाळ्यात स्वतः दिसतं. मे महिन्यात काठी न घेता एकदा सबंध काठ चाला, उघड्या पडलेल्या भिंती, बांध, ओढ्याची वळणं यांचे मोबाइलवर फोटो आणि ठिकाणं जतन करा. ऑक्टोबरमध्ये पाणी त्यांच्यावर असेल तेव्हा तुम्हाला तळ माहीत असेल, शेजारच्याला नसेल.

उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यावर शेवाळाचा हिरवा तवंग येतो, दिसत काही नाही. इथे आवाज करणारा ल्युअर हवा. खडखडणारा लिपलेस (पुढे जीभ नसलेला) क्रँकबेट बाभळीच्या खोडांच्या बाहेरून, किंवा खोडांच्या आत जायचं असेल तर पुन्हा स्पिनरबेट. वेळ उजाडायच्या आधीपासून ऊन लागेपर्यंत, आणि संध्याकाळी वारा पडल्यावर. भर दुपारी पाणी तापलेलं असताना मरळ जगते, पण खात नाही, आणि त्या उन्हात माणसानेही बसू नये. वळीव येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी चुकवू नका. पाणी गार झालेलं असतं, काठावरचे किडे वाहून आलेले असतात. तेव्हा उन्हाळ्यातही बेडूक चालतो. आषाढी वारीसाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात. तळ गाठलेल्या धरणात पाऊस लांबलेला असताना तेवढ्यानेही काठ आणखी सरकतो, तेही ध्यानात ठेवा.

एक ताकीद इथेच देतो. उतरलेल्या काठाचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो आणि आत माणूस मांडीपर्यंत रुततो. एकटे जाऊ नका, हातात टेकायला लांब काठी ठेवा, गाळपेरीवाल्यांनी मळलेल्या वाटेनेच पाण्यापर्यंत जा.

तुम्ही शेवटी विचारलंय, हेच सगळं मुळशी, भंडारदऱ्यासारख्या तलावांना लागू होतं का. नाही, आणि कारण समजून घ्या. सह्याद्रीतले हे तलाव खोल, स्वच्छ, कडा उताराच्या. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं, मुळशीचं १९२७ चं. त्यांच्या काठाला उजनीसारखी गवताची मैलभर पट्टी नसते. तिथला खरा खेळाचा मासा महाशीर. दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केलं तेच मुळी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या माशावरून. नंतर नद्या बांधल्या, घाणल्या आणि मासा हटत गेला. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची बीजं तयार होत आली. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्यावर केलेलं काम देशभर पोचलं. त्यातलं एक कडू फळही आहे. इथली बीजं कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या स्थानिक, वाशिंड असलेल्या महाशीरावर त्याचा ताण आला. मासा कितीही आपला वाटला तरी एका खोऱ्यातला दुसऱ्यात सोडायचा नाही, हे त्यातून मी घेतलं, आणि घरच्या टाकीतला मासा तलावात सोडणाऱ्यांनाही तेच सांगतो.

महाशीर हवेत श्वास घेत नाही, त्याला प्राणवायूचं थंड पाणी लागतं. पावसाळ्यात तो तलावात येणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जमतो आणि विणीला वर चढतो, तेव्हा त्याला हात लावू नये. पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, ओढ्याच्या मुखापुढे जिथे खडक उतरत जातो तिथे १२ ते २० ग्रॅमचा चमचा, म्हणजे स्पून, किंवा तेवढ्याच वजनाचा इनलाइन स्पिनर, म्हणजे सरळ तारेभोवती पातं फिरणारा ल्युअर. रंग तांबूस-सोनेरी. पाणी स्वच्छ असल्यामुळे इथे काळा रंग आणि धडधडाट लागत नाही, उलट लांबून फेकावं लागतं आणि काठावर सावली पडू द्यायची नाही. उन्हाळ्यात खोल तलावात वरचं तापलेलं पाणी आणि खालचं गार पाणी असे थर पडतात, तळाला प्राणवायू घटतो. मासा मधल्या पाण्यात फिरतो आणि पहाटे काठाच्या खडकांवर येतो. तेव्हा दोन-तीन मीटर खाली जाणारा मिनो प्लग, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा कडक ल्युअर, खडकाच्या कडेला समांतर ओढा. काठाला आडवा टाकून फायदा नाही, कारण ल्युअर एक फेरी मारून बाहेर येतो आणि माशाच्या वाटेत फार थोडा वेळ राहतो.

महाशीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, पण तोंडाची चेप अशी की बाजारातले बारीक तारेचे ट्रेबल वाकतात, तुटतात. विकतच्या प्लगचे ट्रेबल काढून जाड तारेचे एकेरी, काटा दाबलेले गळ बसवा. मासा लवकर सुटतो आणि कमी जखमी होतो. महाशीर सोडायचाच. हात ओले करून, पाण्यात ठेवूनच गळ काढा, तोंड पाण्याकडे धरून तो स्वतः शेपूट मारेपर्यंत आधार द्या. मरळ बाहेर जास्त तग धरते म्हणून तिला तापल्या दगडावर टाकतात, तेही करू नका. अंगावरचा बुळबुळीत थर गेला की सोडलेली मरळ बुरशी लागून मरते.

रंगांवर तुम्ही बराच खर्च केलेला दिसतो. माझ्याकडे गढूळ पाण्याला काळा, निवळ पाण्याला बेडकाचा हिरवट-तपकिरी आणि चिलापीच्या पिल्लाचा राखाडी, महाशीराला सोनेरी, एवढ्यावर वर्ष निघतं. बेडकाच्या पोटाचा रंगच मरळीला खालून दिसतो, पाठीवरची नक्षी दुकानात आपल्याला भुलवायला असते. पैसे वाचवायचे असतील तर चांगल्या गळांवर आणि दोऱ्यावर घाला.

परवानगीचं राहिलं. आपल्याकडे बहुतेक धरण-तलावांची मासेमारी सहकारी संस्थांकडे किंवा ठेक्यावर असते. काठाला गेल्यावर आधी संस्थेच्या माणसाला, भोई बांधवांना भेटा, काय चालतं काय नाही ते विचारा, पावती असेल तर फाडा. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, कोयनेच्या शिवसागरालाही अभयारण्य लागून आहे. अशा ठिकाणी नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय काठी काढू नका. टाटांच्या तलावांवरही तसंच. शिवाय भोई मंडळींना कुठल्या कोपऱ्यात मरळ हवेला येते हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या टाकलेल्या जाळ्यापासून लांब राहिलात, ल्युअरने जाळं फाडलं नाहीत, तर ते सांगतातही.

यंदा पाणी १०० टक्क्यांवर थांबलं की पेटीतले फक्त दोन बेडूक, एक काळं स्पिनरबेट आणि पॅडल-टेलचं एक पाकीट घेऊन जा. तुमच्या नेहमीच्या काठावरच, पण बेशरमाच्या मागच्या बाजूला, जिथे जुना बांध पाण्याखाली गेलेला असेल तिथे बसा. आवर्तन सुटलं की कळवा, बाहेरच्या कडेचं पुढे बोलू.